टेबलांचं विसर्जन कधी?

आमच्या गल्लीतल्या एका कॅफेनं अर्ज केलाय की गल्लीचा मधला तुकडा रोज संध्याकाळी ६ ते रात्री ११ गाड्यांसाठी बंद करावा, म्हणजे त्यांना बाहेर टेबलं मांडता येतील, आणि त्या बदल्यात ते स्वखर्चानं फरशी बसवणार, दिवे लावणार, कुंड्या ठेवणार. कॅफेचं नाव लिहीत नाही, गल्लीचंही नाही. पुण्यात डेक्कनच्या मागच्या बाजूला जुने बंगले पाडून इमारती झाल्या आणि जे बंगले उरले त्यांचे कॅफे झाले, अशा ज्या पाचपन्नास गल्ल्या आहेत त्यातली एक समजा. सध्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसरा विषय नाही, सकाळचे गुड मॉर्निंगवाले गुलाबसुद्धा बंद पडलेत, म्हणजे प्रकरण किती गंभीर आहे बघा.

नोटीस पहिल्यांदा वाचली ती आमच्या पेपरवाल्यानं. कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीवर चिकटवली होती, वर दहावी-बारावीच्या क्लासची जाहिरात, खाली मुलांसाठी पीजी, मधे हा एक ए-फोर कागद, आणि पाऊस लागून शिक्क्याची जांभळी शाई खाली ओघळलेली. हरकती-सूचना लेखी द्याव्यात, अमुक तारखेपर्यंत. एवढंच. ही नोटीस अशा जागी लावतात की ती लावली असं म्हणता यावं, कोणी वाचावी हा हेतू दिसत नाही. पेपरवाल्यानं तळमजल्यावरच्या काकांना सांगितलं आणि काकांनी अर्ध्या तासात सगळ्या विंगला.

आता माझं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको. रस्ता गाड्यांना बंद करायला माझा विरोध नाहीये. उलट मला तो आवडतो. लक्ष्मी रोडवर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात, नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक गाड्या बंद, तेव्हा मी मुद्दाम गेलो होतो, आणि इतकी वर्षं ज्या रस्त्यावरनं मान खाली घालून, हँडल सांभाळत, मागच्याच्या शिव्या खात गेलो त्या रस्त्याच्या मधोमध उभं राहून पहिल्यांदा वरचे मजले बघितले, जुने लाकडी गज, कुठं कुठं नक्षी, दुकानांच्या पाट्यांच्या मागे अर्धे झाकलेले सज्जे. जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ रुंद करून बाकं टाकली तेव्हाही लोक म्हणत होते की ट्रॅफिकची वाट लागणार, आज तिथं संध्याकाळी बसायला जागा मिळत नाही. तेव्हा "रस्ता म्हणजे गाडीसाठीच" असं म्हणणाऱ्यातला मी नाही. गंमत म्हणजे लक्ष्मी रोडवर उलटं असतं, तिथं महापालिका म्हणते गाड्या बंद करू आणि कुरकुर दुकानदारांची. आमच्याकडे दुकानदारच म्हणतोय बंद करा आणि आम्ही रहिवासी तलवारी उपसून उभे.

पण लक्ष्मी रोडवर त्या दिवशी रस्ता मोकळा होतो तो सगळ्यांना. आमच्याकडे गाड्या काढून जी जागा मोकळी होणार ती एका कॅफेच्या गिऱ्हाइकांना जाणार. माझं म्हणणं काय ते एवढंच आहे. अर्ज एक आहे पण त्यात मागण्या दोन आहेत, एक गाड्या बंद करायची आणि दुसरी जागा वापरायला द्यायची, आणि पहिली इतकी गोजिरी आहे की दुसरीकडे कोणाचं लक्षच जात नाही.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये मीटिंग झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, डास, आणि कॅफेवाला स्वतः आला होता, सगळ्यांसाठी कागदी कपात कॉफी घेऊन. पोरगा वाईट नाहीये हो, तिशीतला असेल, सगळ्यांना काका-काकू म्हणतो, लॉकडाऊनमध्ये आमच्या गल्लीतल्या दोन-तीन एकट्या म्हाताऱ्यांना डबे पाठवायचा, पैसे घ्यायला तयार नसायचा. लॅपटॉपवर त्यानं चित्रं दाखवली, दगडी फरशी, वर लटकणारे दिवे, छत्र्या, छत्र्यांखाली हसणारी माणसं. त्या चित्रात एकही स्कूटर नव्हती, एकही कुत्रं नव्हतं, आणि जी माणसं होती त्यातलं एकही आमच्या गल्लीत राहत असेल असं वाटत नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी शांतपणे विचारलं, "अरे बाबा, तुझं सगळं छान आहे, पण माझी रिक्षा कुठं थांबणार?" आजोबा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात, येईपर्यंत रात्रीचे आठ वाजतात, आणि आल्यावर त्यांना गेटपासून लिफ्टपर्यंत जायलाच दोन माणसं लागतात. तो म्हणाला, "काका, आपण तुमच्यासाठी बॅरिकेड बाजूला करू ना, फोन करा फक्त." म्हणजे आजोबांनी घरी यायला कॅफेला फोन करायचा. बोलताना त्याच्या लक्षात आलं नाही, पण मागच्या रांगेत कोणीतरी हसलं तेव्हा आलं बहुतेक.

मग त्यानं हुकमी पत्ता टाकला, की गणपतीत दहा दिवस रस्ता बंद असतो तेव्हा तर कोणी काही बोलत नाही. यावर पुण्यात सहसा सभा गप्प होते, कारण कोण बोलणार. पण आमच्या काकू बोलल्या, "गणपती अनंत चतुर्दशीला जातो रे. तुझ्या टेबलांचं विसर्जन कधी?"

मला हा प्रश्न इतका नेमका वाटला की मी घरी येऊन कायद्यात याचं उत्तर शोधत बसलो. (बायको म्हणाली, एवढा अभ्यास दहावीला केला असता तर.) तर मला जे समजलं ते असं. रस्ता हा महापालिकेच्या ताब्यात असतो, १९४९ चा महानगरपालिका अधिनियम आहे त्यात हे आहे, आणि एखादा सार्वजनिक रस्ता कायमचा बंद करायचा तर एकटे आयुक्त करू शकत नाहीत, त्याला महापालिकेची म्हणजे आपल्या भाषेत मुख्य सभेची मंजुरी लागते, त्याआधी त्या रस्त्यावर नोटीस लावायची, महिनाभरात आलेल्या लेखी हरकतींचा विचार करायचा, असं सगळं सोपस्कारासकट लिहिलंय. सणासमारंभाला रस्त्यावर मांडव घालायची परवानगी ही त्याच कायद्यात वेगळी तरतूद आहे, आणि ती सरळसरळ तात्पुरती आहे. म्हणजे काकूंचं म्हणणं कायद्यालाही माहितीये.

पण रोज पाच तास बंद, हे काय झालं? कायमचं म्हणावं तर रात्री ११ नंतर रस्ता उघडा, तात्पुरतं म्हणावं तर शेवटची तारीखच नाही. हा प्रकार दोन्हीच्या मधल्या फटीत बसतो आणि या फटीतूनच सगळं होतं. कारण गाड्या बंद करायचा दुसरा दरवाजा आहे, वाहतूक पोलिसांचा. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्याखाली पोलीस उपायुक्त आदेश काढतात, पेपरात कोपऱ्यात बातमी येते ना, "प्रायोगिक तत्त्वावर", "अग्निशमन, रुग्णवाहिका व अत्यावश्यक सेवेतील वाहने वगळून", आणि शेवटी हरकती येरवडा टपाल कार्यालयाजवळच्या ऑफिसला लेखी कळवाव्यात. ते वाक्य मी लहानपणापासून वाचतोय आणि तिथं जाऊन हरकत देणारा माणूस आयुष्यात भेटलेला नाही. त्या कायद्यात सुद्धा एक चांगली गोष्ट आहे, की बंदी महिनाभराच्या आतली असेल तर स्थानिक पातळीवर लोकांना कळवलं की भागतं, त्याहून जास्त ठेवायची तर राजपत्रात अधिसूचना लागते. पण प्रायोगिक म्हणून सुरू झालेलं पुण्यात परत कधी बंद झालं हे आठवून बघा, एकेरी वाहतुकीच्या पाट्याच बघा, गंजून पडतात पण उतरत नाहीत.

आणि लक्षात घ्या, पोलीस फार तर गाड्या थांबवतील. टेबलं मांडायची परवानगी ते देत नाहीत, ती जागा महापालिकेची. पण एकदा गाड्या थांबल्या की टेबलं यायला परवानगी लागते कशाला? आधी कुंड्या येतील, मग कुंडीशेजारी एक स्टूल, वेटिंगवाल्यांना बसायला. मग स्टुलासमोर कॉफी ठेवायला काहीतरी.

निर्णय कोण घेणार हे विचारायला मी आणि काका महापालिकेच्या ऑफिसात गेलो तर एका साहेबांनी सांगितलं वाहतूक शाखेचं ना-हरकत आल्याशिवाय आमच्याकडे विषयच नाही, आणि कॅफेवाला म्हणतो वाहतूकवाले म्हणतात आधी महापालिकेचा ठराव आणा. साहेब मात्र बोलायला चांगले होते, खरं सांगायचं तर त्यांनीच आम्हाला रस्ता दाखवला, म्हणाले तोंडी काही बोलू नका, अर्ज लिहा, दोन प्रती करा, आवक-जावकला द्या आणि पोच घ्या, पोच नसेल तर तुम्ही आलाच नव्हता असं समजा.

मग आम्ही नगरसेवकांकडे. आता हे एक बरं झालंय की नगरसेवक आहेत. मार्च २०२२ मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ ची निवडणूक होईपर्यंत पुण्याला नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाचा, म्हणजे आयुक्तांनी प्रस्ताव ठेवायचा आणि मुख्य सभा म्हणून त्यांनीच मंजूर करायचा. तेव्हा हा अर्ज आला असता तर आम्ही कोणाच्या दारात गेलो असतो देव जाणे. आता १६५ आहेत, ४१ प्रभागांत, म्हणजे आमच्या वाट्याला चार. चौघांनाही भेटलो. एकांनी कॅफेच्या बाजूनं पत्र दिलंय हे आम्हाला आधीच कळलं होतं, त्यांनी आमच्याही निवेदनावर सही केली. दुसऱ्यांनी सांगितलं विषय शहर सुधारणा समितीत येईल तेव्हा बघू. तिसरे म्हणाले लोकांना जे हवं तेच होईल, आणि कोणते लोक ते काही बोलले नाहीत. चौथ्या बाई मात्र सरळ म्हणाल्या, "हरकती किती आल्यात त्याचा आकडा आणा, मी सभागृहात तोच वाचून दाखवीन." मला ते आवडलं. विषय एक महिना पुढे ढकलणं, तहकूब सभा, आयत्या वेळचे विषय, उपसूचना देऊन मूळ प्रस्तावाचं तोंडच फिरवणं, ही सगळी तिथली नेहमीची हत्यारं आहेत, आणि त्यात कागदावरचा आकडा हे एकच हत्यार आपल्या हातात असतं.

आता थोडं आमच्या लोकांबद्दल, कारण तेही धुतल्या तांदळाचे नाहीत. मीटिंगमध्ये सगळ्यात मोठ्या आवाजात "रस्ता कोणाच्या बापाचा नाही" म्हणाले ते गृहस्थ आपली दुसरी चारचाकी गेली कित्येक वर्षं त्याच रस्त्यावर लावतात, कव्हर घालून, कव्हरवर पारिजातकाचा सडा, आणि महिनोन्महिने ती हलत नाही. दुसऱ्यांनी आपल्या गेटसमोर कोणी गाडी लावू नये म्हणून सिमेंट भरलेले तेलाचे डबे ठेवलेत. २०१८ मध्ये रस्त्यावर गाडी लावायचे पैसे घ्यायचं पार्किंग धोरण मुख्य सभेत आलं तेव्हा शहरभर केवढी ओरड झाली, शेवटी पाच रस्त्यांवर प्रयोग म्हणून मंजूर झालं, आणि त्या ओरडणाऱ्यांत ही मंडळी पुढे होती. म्हणजे रस्त्याचा तुकडा फुकट वापरायचा हक्क आम्हाला आहे, कॅफेला नाही, असं काहीसं. कॅफेवाला हे मीटिंगमध्ये बोलू शकला असता, बोलला नाही, गिऱ्हाईक तुटेल म्हणून असेल. मी बोललो. तेव्हापासून कव्हरवाले गृहस्थ लिफ्टमध्ये माझ्याशी बोलत नाहीत, ते एक बरंच झालं.

हिशोबच करायचा तर सरळ करा ना. मी आणि वरच्या मजल्यावरचा इंजिनिअर पोरगा रात्री टेप घेऊन उतरलो. जो तुकडा मागितलाय तो लांबीला ६० मीटर भरला, आणि डांबर रुंदीला ६ मीटर. म्हणजे ३६० चौरस मीटर, जवळजवळ ३,९०० स्क्वेअर फूट. डेक्कनला इतक्या जागेचं महिन्याचं भाडं काय पडतं ते कुठल्याही एजंटला विचारा आणि मग फरशी, दिवे आणि कुंड्यांची किंमत त्याच्या शेजारी मांडा. दोन्ही बाजूला गाड्या लागल्यावर मधे किती उरतं तेही मोजलं, साडेतीन मीटरला जरा कमी. अग्निशमनचा बंब अडीच मीटरचा तर असतोच. आज तो कसाबसा शिरेल. टेबलं, छत्र्या, वर लटकते दिवे आणि शनिवारची गर्दी असताना शिरेल का, हे मला कॅफेवाल्याला नाही, अग्निशमन दलाला लेखी विचारायचंय.

आणि संध्याकाळी सहा ते अकरा गल्लीत काय काय चालतं हे त्या प्रेझेंटेशनमध्ये कुठंच नव्हतं. पाण्याचा टँकर उन्हाळ्यात साधारण सातला येतो. क्लासवरून सुटलेली पोरं साडेआठला. डिलिव्हरीवाले तर सतत, आणि त्यातले निम्मे ह्याच कॅफेचे पार्सल न्यायला, ते गाड्या कुठं लावणार? शेजारच्या गल्लीत, अजून कुठं. ती गल्ली आत्ताच तुंबलेली असते, तिथल्या लोकांना नोटीस मिळालीये का, तर नाही, कारण बंद होणारा रस्ता त्यांचा नाही. गाड्या मात्र त्यांच्या दारात. सकाळी कचरा न्यायला "स्वच्छ" संस्थेच्या मावशी ढकलगाडी घेऊन येतात त्यांनीही मला विचारलं, रात्री अकराला बंद झालं की कचरा कोण उचलणार, आम्हीच ना? कुंड्या कोण ठेवणार हे प्रेझेंटेशनमध्ये होतं, कचऱ्याची स्लाईड नव्हती.

रस्त्याचे निर्णय एखाद्याच्या सोयीसाठी होतात ही शंका पुणेकरांच्या मनात उगीच नाही. २०२० मध्ये स्थायी समितीनं सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करायचा प्रस्ताव मंजूर केला होता. नऊ मीटरच्या आतल्या रस्त्यावर तेव्हा टीडीआर, म्हणजे दुसरीकडून विकत घेतलेला जादा बांधकामाचा हक्क, वापरता येत नव्हता, मग रुंदी वाढली की कोणाचा फायदा, यावरून केवढं रान उठलं होतं. रस्ता रुंद करणं हे तर चांगलंच काम की. पण नेमके हेच ३२३ का, हे विचारणाऱ्यांना तेव्हाही विकासविरोधी म्हणाले होते आणि आता मलाही ग्रुपवर म्हणून झालंय.

तर मी हरकत दिलीये, पण "रस्ता बंद करू नका" अशी नाही. मी लिहिलंय की गाड्या बंद करायच्या तर जरूर करा, पण शनिवार-रविवारच, तीन महिन्यांसाठी, आणि तीन महिने संपले की आपोआप संपेल असं आदेशातच लिहा, पुढे चालू ठेवायचं असेल तर नव्यानं नोटीस, नव्यानं हरकती. मोकळ्या जागेत कुठल्याही दुकानाचं टेबल नको. बसायला बाकं ठेवायची तर महापालिकेनं ठेवावीत, ज्यावर कॉफी न घेताही बसता येईल, आणि कॅफेला टेबलं मांडायचीच असतील तर त्याच्याच दारासमोरची पट्टी, मोजून, चौरस फुटावर भाडं लावून, पावती फाडून. साडेतीन मीटरची वाट कायम मोकळी. रिक्षा आणि रुग्णवाहिका कोणाला फोन न करता आत आली पाहिजे. शेजारच्या गल्लीतही नोटीस लावा, आणि डीपीवर नको. बॅरिकेडवर कॅफेचं नाव नको, हे सगळ्यात शेवटी लिहिलं कारण नमुन्याचं एक बॅरिकेड आधीच करून आणलंय त्यानं, पिवळं, आणि "रस्ता बंद"पेक्षा कॅफेच्या नावाची अक्षरं मोठी आहेत.

काकूंनी स्वतःची हरकत वेगळी दिली. मी म्हटलं एकत्रच सह्या करू, तर म्हणाल्या नको, शंभर सह्यांचा एक कागद ही एक हरकत धरतात, शंभर कागद आले तर शंभर. आता हे कुठल्या नियमात आहे मला सापडलं नाही, पण त्या जुन्या मोर्चेवाल्या, त्यांच्याशी कोण वाद घालणार. त्यांच्या गेटवर नवीन पाटीही लागलीये, हातानं रंगवलेली: "हा रस्ता आहे. हॉटेल आत आहे."

कॅफेवाला परवा जिन्यात भेटला. मी माझ्या हरकतीची प्रत त्यालाही दिली होती. म्हणाला, "काका, भाड्याचं मला चालेल हो, पण शनिवार-रविवारच म्हटलं तर फरशीचा खर्च निघत नाही." मी म्हटलं मग फरशी नको बसवूस, डांबरावर काय वाईट आहे. विचार करतो म्हणाला. चार महिन्यांचं भाडं थकलंय त्याचं असं मागाहून दुसऱ्याकडून कळलं, बंगल्याचा मालक खाली करायला सांगतोय म्हणे, म्हणजे हा सगळा खटाटोप त्यासाठी असावा. वाईट वाटलं. पण मग हाही प्रश्न आलाच की गल्ली याच्यासाठी बंद करून दिली आणि सहा महिन्यांनी हाच गेला, तर पुढचा भाडेकरू कोण येणार आणि तो आजोबांना काका म्हणेल का. ठराव काही माणसाच्या नावानं राहत नाही, तो जागेला चिकटतो. हेही हरकतीत घालायला हवं होतं, म्हणून काल पुरवणी अर्ज दिला.

मुदत संपायला अजून आठवडा आहे. मसुदा सोसायटीच्या ग्रुपवर टाकलाय, शेजारच्या गल्लीतल्यांनाही पाठवलाय, त्यातलं पटेल ते ठेवा, बाकीचं खोडा, पण नाव-पत्ता स्वतःचा घाला आणि दोन प्रती काढा. काउंटर जेवायच्या सुट्टीत बंद असतो, त्यामुळे बाराच्या आत जा, आणि पोचेवर तारखेचा शिक्का नीट उमटलाय ना ते तिथंच बघून घ्या, माझ्या पहिल्या पोचेवर अर्धाच उमटला होता, मी परत मारून घेतला.